पिवळ्या त्रिकोणाची तपासणी

शिक्केसाहेबांचं आडनाव शिक्के नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि दुकानात शिरल्या शिरल्या त्यांचा पहिला प्रश्न एकच असे, "शिक्का कुठे आहे?" तराजू असो, तेलाचं माप असो, कापडवाल्याची लोखंडी पट्टी असो, खात्याचा शिक्का नसेल तर ती वस्तू त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. आणि अस्तित्वात नसलेली वस्तू वापरल्याबद्दल ते दंड करत. बाजारपेठेने त्यांना हे नाव बहाल केलं, बाजारातून ते इमारतीत आलं आणि हळूहळू सासुरवाडीपर्यंत पोचलं. साहेब वरवर कुरकुरत, पण मनातून त्यांना ते आवडायचं. माणसाला त्याच्या कामावरून ओळखावं, यात वाईट काय आहे?

त्यांची पत्नी शाळेत गणित शिकवायची. सगळी शाळा तिला नुसतं 'बाई' म्हणायची, आणि आता 'मोठ्या बाई' म्हणण्याची वेळ जवळ आली होती. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत शनिवारी दुपारी होती आणि ती घरबसल्या, कॉम्प्युटरवर द्यायची होती. शाळेच्या मंडळाने एक प्रोग्राम पाठवला होता. तो आधी आपल्या यंत्राची परीक्षा घेणार, मग मंडळातले तिघेजण आपली घेणार, असा क्रम होता.

घरातला लॅपटॉप बाईंच्या भावाने दिलेला. त्याने नवा घेतला तेव्हा जुना बहिणीकडे आला. फुकट आलेल्या वस्तूबद्दल साहेबांच्या मनात पहिल्यापासून अढी होतीच, पण मेहुण्याशी वाद नको म्हणून ते गप्प बसले होते.

बुधवारी संध्याकाळी बाईंनी प्रोग्राम चालू केला. कॅमेरा ठीक. आवाज ठीक. इंटरनेट ठीक. आणि मग पडद्यावर एक ओळ उमटली: 'या संगणकात एक अनोळखी उपकरण आढळले आहे. पुढे जायचे का?' खाली दोन बटणं होती, 'पुढे जा' आणि 'रद्द करा'. बाईंचं बोट 'पुढे जा'वर टेकणार, एवढ्यात साहेबांनी त्यांचं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"पुढे जातेय."

"अनोळखी उपकरण आहे म्हणतोय तो."

"असू दे की. सगळं चाललंय ना?"

हे वाक्य साहेबांनी आयुष्यात इतक्या लबाड माणसांच्या तोंडून ऐकलं होतं, की स्वतःच्या बायकोच्या तोंडून ते ऐकताना त्यांना भडभडून आलं. सगळं चाललंय ना, साहेब. गिऱ्हाईक तक्रार करत नाही ना, साहेब. पलीकडच्या पेठेतला एक धान्यवाला तर किलोमागे मूठभर कमी देत होता आणि वर म्हणाला होता, माझं चाललंय, गिऱ्हाइकाचं चाललंय, तुमचंच का अडलंय? साहेबांनी 'रद्द करा' दाबलं.

"शनिवारच्या आत मी हे निस्तरतो," ते म्हणाले.

"नका निस्तरू," बाई म्हणाल्या. पण तोवर साहेबांनी खुर्ची पुढे ओढली होती.

लॅपटॉपच्या पोटात एक यादी असते, तिला डिव्हाइस मॅनेजर म्हणतात. आत कोण कोण राहतं ते त्यात दिसतं. साहेबांनी ती शोधून काढली आणि एखाद्या गोदामाची झडती घ्यावी तशी वरून खाली वाचली. कीबोर्ड होता. माउस होता. बॅटरी होती. प्रत्येकाला नाव होतं, प्रत्येकाला आपापली जागा होती. आणि तळाशी, चाळीच्या जिन्याखाली कुणी मुक्काम ठोकावा तसं, एक पिवळं त्रिकोणी चिन्ह होतं. शेजारी लिहिलेलं: 'अनोळखी उपकरण. ड्रायव्हर उपलब्ध नाही.'

"गाडी चालू आहे आणि ड्रायव्हर नाही," साहेब म्हणाले. "आणि ही म्हणते पुढे जा."

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, माझ्याकडे होता तोवर असलं काही नव्हतं." याचा अर्थ उघड होता. जे काही आहे ते शिक्केसाहेबांच्या घरी आल्यावर आत घुसलं. साहेबांनी फोन ठेवला आणि मेहुणा हा शब्द दोनतीनदा निरनिराळ्या सुरांत उच्चारला.

अशा वेळी माणसाने शेजाऱ्यांना काही सांगू नये. साहेबांनी सांगितलं. समोरच्या दारात विम्याचे एजंट राहायचे, सगळे त्यांना विमावाले म्हणत. माणूस मनाचा चांगला, पण प्रत्येक गोष्टीत त्याला आधी धोका दिसे आणि मग हप्ता. पिवळा त्रिकोण बघून ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"साहेब, हे ऐकणारं यंत्र असू शकतं."

"काय ऐकणारं?"

"आपलं बोलणं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी असंच होतं. नवराबायकोचं भांडण तिसऱ्या दिवशी सासूला पाठ."

"त्याला यंत्र कशाला लागतं?" बाई आतून म्हणाल्या.

साहेबांना मात्र ही शक्यता अगदीच टाकाऊ वाटेना. पंधरवड्यापूर्वी त्यांनी एका बड्या व्यापाऱ्याचा काटा सील केला होता. मग विमावाल्यांच्या सल्ल्याने कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लागली, आवाजाच्या भोकावर कापूस बसला, आणि खात्यातल्या गोष्टी स्वयंपाकघरातच बोलायच्या असं ठरलं. बाईंना घरात खात्यातलं काही ऐकायचंच नसे, त्यामुळे हा नियम अतिशय काटेकोरपणे पाळला गेला.

गुरुवारी साहेबांनी रजा टाकली. रजेचं कारण 'घरगुती तपासणी' असं लिहिलं, आणि वरिष्ठांनी त्याखाली प्रश्नचिन्ह काढलं. मग त्यांनी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, आपल्या मशीनचा अनुक्रमांक सांगाल का? मागच्या बाजूला स्टिकर असेल."

साहेबांनी लॅपटॉप पालथा घातला. स्टिकर होतं. त्यावरची अक्षरं मेहुण्याच्या मांडीवर घासून घासून साफ गेली होती.

"झिजलंय," साहेब म्हणाले, आणि म्हणताना त्यांची जीभ जड झाली. 'शिक्का झिजला, साहेब,' असं म्हणणाऱ्या किती माणसांना त्यांनी दंड केला होता.

"हरकत नाही सर. मग कुठलं उपकरण आहे तेवढं सांगा, मी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, देते."

"कुठलं उपकरण आहे ते कळावं म्हणूनच मी फोन केलाय."

"हो सर. पण उपकरण कळल्याशिवाय ड्रायव्हर देता येत नाही."

"आणि ड्रायव्हर मिळाल्याशिवाय उपकरण कळत नाही."

"बरोबर सर," ती मुलगी आनंदाने म्हणाली. "आपल्याला अजून काही मदत हवी आहे का?"

अजून, हा शब्द साहेबांना लागला. मदत एकदा झाली असेल तर दुसऱ्यांदा अजून म्हणतात. त्यांनी तिला हे समजावून सांगायला सुरुवात केली, पण पलीकडे पुन्हा संगीत सुरू झालं होतं. असं उत्तर आपल्या खात्यानेही लोकांना कधी दिलं असेल का, असा एक चोरटा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तो आल्या पावली परत पाठवला. खात्याकडे संगीत नव्हतं.

संध्याकाळी विमावाले बातमी घेऊन आले. त्यांच्या कार्यालयातल्या कुणीतरी सांगितलं होतं की असं उपकरण नाव लपवू शकतं, नंबर लपवू शकत नाही. त्रिकोणावर राइट क्लिक करायचं, आत शिरायचं, तपशिलात हार्डवेअर आयडी बघायचा. त्यात बनवणाऱ्याचं चिन्ह असतं आणि वस्तूचा क्रमांक असतो.

हे ऐकून साहेबांचा चेहरा दोन दिवसांत प्रथमच खुलला. बनवणाऱ्याचं चिन्ह आणि वस्तूचा क्रमांक. म्हणजे शिक्काच की. हरामखोराच्या अंगावर शिक्का होता आणि तो आत दाबून ठेवला होता.

त्यांनी आत शिरून बघितलं. खरंच तिथे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ होती.

"व्हेन म्हणजे काय?" विमावाल्यांनी वाचता वाचता विचारलं.

"व्हेंडर. बनवणारा."

"आणि पुढे देव लिहिलंय."

"देव नव्हे, डेव्ह. डिव्हाइस. तुम्ही नुसतं टाइप करा."

"बनवणारा म्हटल्यावर मला वाटलं देवच असेल," विमावाले म्हणाले, आणि त्यांनी आपल्या फोनवर तो नंबर टाइप करायला घेतला. साहेब एकेक अक्षर मोठ्याने सांगत होते. इंटरनेटवर अशी ठिकाणं असतात, जिथे नंबर टाकला की वस्तूचं नाव बाहेर पडतं. विमावाल्यांच्या फोनवर नाव बाहेर पडलं, आणि ते हळूच म्हणाले, "साहेब, बसा आधी."

"काय आहे?"

"तराजू."

विमावाल्यांनी फोन पुढे केला. स्पष्ट लिहिलं होतं: दुकानात वापरायचा, कॉम्प्युटरला जोडायचा, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा.

शिक्केसाहेबांच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, बिनशिक्क्याचा तराजू. मेहुण्याने भेट दिलेला. खात्याच्या नियमाप्रमाणे असा काटा जवळ बाळगणं हाही गुन्हा होता, आणि साहेबांनी तो वर्षभर बाळगला होता. त्यावर भाज्यांची टोपली ठेवली होती. सीलबंद काट्याच्या व्यापाऱ्याला हे कळलं तर काय होईल, या विचाराने त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"लॅपटॉपमध्ये तराजू कशाला असेल?" बाईंनी विचारलं.

"ते मी ठरवतो," साहेब म्हणाले. "आधी तो उघडा पडू दे." आणि त्यांनी तराजूचा ड्रायव्हर उतरवून घेतला.

त्रिकोण गेला नाही. पण पडद्यावर मधोमध एक चौकोन आला: 'कृपया वस्तू पारड्यात ठेवा.' साहेबांनी तो बंद केला. थोड्या वेळाने तो पुन्हा आला. बाई शुक्रवारी संध्याकाळी मुलाखतीची तालीम करत होत्या. 'शिक्षण म्हणजे केवळ माहिती नव्हे' या वाक्याशी त्या आल्या, की नेमकं त्यांच्या तोंडासमोर 'कृपया वस्तू पारड्यात ठेवा'. तालीम तिथेच तुटे. सुरुवात पुन्हा, वाक्य पुन्हा, तराजू पुन्हा. शेवटी बाईंनी लॅपटॉपवर खडूचा डबा ठेवला. यंत्राने त्याची दखल घेतली नाही.

"उद्या मुलाखत आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. गणित शिकवणाऱ्या माणसाचा आवाज चढत नाही, तो उतरतो. "बुधवारी माझं सगळं तयार होतं. एक बटण दाबायचं राहिलं होतं. ही जागा मला परत मिळायची नाही, एवढं लक्षात ठेवा."

बाईंनी तराजूचा ड्रायव्हर स्वतः शोधून काढून टाकला आणि त्या झोपायला गेल्या.

शनिवारी सकाळी साहेब नेहमीपेक्षा लवकर उठले. पत्नीचं म्हणणं त्यांना पटलं होतं असं नाही, पण लागलं होतं. ते लॅपटॉपसमोर बसले, खिशातून तपासणीचं भिंग काढलं, आणि अंगठ्याएवढे पुसट शिक्के वाचणाऱ्या डोळ्यांनी तो नंबर पुन्हा वाचला. आणि त्यांना ते दिसलं. तिसऱ्या जागी शून्य नव्हतंच. तो इंग्रजी 'ओ' होता. दोन्ही गोल, पण एक जरा जास्त गरगरीत. साहेबांनी तिथे शून्य सांगितलं होतं आणि विमावाल्यांनी शून्य टाइप केलं होतं. एका शून्याच्या चुकीने साहेब दोन दिवस स्वतःच्या नजरेत गुन्हेगार ठरले होते. शून्याची किंमत हिशेबात धरू नये असं म्हणणाऱ्यांना त्यांनी मनातल्या मनात नोटीस बजावली.

नीट अक्षरं टाकल्यावर खरं नाव आलं. ते एक नखाएवढं उपकरण होतं आणि त्याचं काम मोठं विलक्षण होतं. लॅपटॉप हातातून सुटून खाली पडू लागला की त्याला ते अधांतरीच कळायचं, आणि जमिनीला टेकण्याआधी ते आतली फिरती डिस्क सावरून धरायचं, म्हणजे आतल्या माहितीला धक्का लागायचा नाही. पडण्याची जाणीव ठेवणारं उपकरण. ड्रायव्हर नसल्यामुळे ते वर्षभर नुसतं जागं होतं. त्याला काही करता येत नव्हतं.

साहेबांचा ऊर भरून आला. चोर म्हणून धरलेला माणूस राखणदार निघावा, तसं झालं. त्यांनी योग्य तो ड्रायव्हर उतरवला. पिवळा त्रिकोण नाहीसा झाला. कोपऱ्यात एक छोटं हिरवं चिन्ह आलं: 'संरक्षण चालू.' चिकटपट्टी आणि कापूस काढून मंडळाचा प्रोग्राम लावून बघितला. कॅमेरा ठीक, आवाज ठीक, सगळी उपकरणं ओळखीची. मुलाखतीला अजून बराच अवकाश होता. बाई आतल्या खोलीत साडीला इस्त्री करत होत्या.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने लॅपटॉप मिटून चहा टाकला असता. पण शिक्केसाहेबांच्या नोकरीत एक नियम होता: चाचणीशिवाय प्रमाणपत्र नाही. दुकानदार म्हणतो काटा बरोबर आहे, म्हणून कुणी शिक्का मारतं का? वजन ठेवून बघावं लागतं. 'संरक्षण चालू' हे उपकरणाचं स्वतःचं म्हणणं झालं. आरोपीने स्वतःबद्दल दिलेली ग्वाही, तिला काय अर्थ आहे?

त्यांनी सर्व खबरदारी घेतली, हे इथे नमूद केलंच पाहिजे. पाठीच्या दुखण्यासाठी नुकतीच घेतलेली जाड फोमची गादी त्यांनी नीट सारखी केली, वर रजई घातली, आणि चालू लॅपटॉप दोन्ही हातांत धरून गुडघ्याच्या उंचीवरून सोडला. धप्प झालं. हिरवं चिन्ह तसंच होतं. उंची पुरेशी नसावी. त्यांनी कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. काही नाही. ड्रायव्हर चुकला की काय, अशी त्यांना शंका आली. मग ते ताठ उभे राहिले, लॅपटॉप खांद्याच्या रेषेत आणला आणि सोडला.

उपकरणाने काम चोख केलं. गादीनेही चोख केलं. पाठीला उसळी देण्यासाठीच ती बनवली होती. तिने लॅपटॉप झेलला, क्षणभर पोटाशी धरला आणि पलंगापलीकडे फरशीवर टाकला.

बाई इस्त्री हातात घेऊनच आल्या. साहेब फरशीवर उकिडवे बसले होते. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकला होता, आणि तड्यांच्या मागे, जेवढी जागा शाबूत होती तेवढ्यात, अक्षरं दिसत होती: 'एक पतन नोंदवले. आपली माहिती सुरक्षित आहे.'

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उपकरण चालतं," साहेब म्हणाले.

बाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं, साडी नेसली, कागद घेतले आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. विमावाल्यांनी आपला कॉम्प्युटर मोकळा करून दिला. मंडळाच्या प्रोग्रामने त्यात बरीच अनोळखी उपकरणं शोधून काढली आणि पुढे जायचे का म्हणून विचारलं. बाईंनी ते पूर्ण वाचलंही नाही. गेल्या पुढे.

साहेब विमावाल्यांच्या बाहेरच्या खोलीत बसले होते. दार लोटलेलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मंडळातल्या एका घोगऱ्या आवाजाने विचारलं, "बाई, समजा शाळेत एखादी नवी व्यवस्था आली. ती काय आहे हे कुणालाच नीट माहीत नाही. तुम्ही काय कराल?"

"काम अडतंय का ते बघेन," बाई म्हणाल्या. "अडत नसेल तर काम चालू ठेवेन, आणि ओळख सवडीने करून घेईन. आधी ओळख, मग काम, असं करणाऱ्यांच्या हातून काम राहतं आणि वस्तूही फुटते. मी हे जवळून पाहिलंय."

आतून तिघांच्या हसण्याचा आवाज आला. साहेब ताडकन उठले. हे धोरण सरळसरळ बेकायदा होतं. अशा विचाराने चालणाऱ्या शाळेतली मुलं उद्या दुकानं टाकतील, आणि त्यांच्याकडे साहेबांना जावं लागेल. विमावाल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

बाईंना ती जागा मिळाली. चारचौघांत साहेबांनी पेढ्यांसारखा आनंद वाटला, आणि तो खराही होता. फक्त अभिनंदन करणाऱ्या प्रत्येकाला ते बाजूला घेऊन सांगायचे की निवड योग्य झाली, पण उत्तर चुकीचं होतं.

राहता राहिला तडकलेला पडदा. घरसामानाचा विमा विमावाल्यांनीच कधीतरी साहेबांच्या गळ्यात मारला होता. त्यात लॅपटॉप बसत होता. एका संध्याकाळी ते दाव्याचा कागद घेऊन आले.

"नुकसानीचं कारण," त्यांनी पेन सरसावलं. "हातातून निसटला. बरोबर?"

"निसटला नाही. मी सोडला."

"साहेब, निसटला असं सगळेच लिहितात."

"सगळे खोटं लिहितात म्हणून मी लिहू? दोन्ही हातांत धरून, गादीवर नेम धरून, शुद्धीवर असताना सोडला."

"असं लिहिलं तर दावा फेटाळतील. का सोडला म्हणून विचारतील."

"तपासणीसाठी."

"तपासणी करायला कुणी सांगितलं होतं?"

साहेबांनी भिंग पुसायला घेतलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाई शाळेचं वेळापत्रक लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"विमावाले, असं लिहा," त्या म्हणाल्या. "'सरकारी अधिकाऱ्याने तपासणीच्या वेळी सोडला.' पुढे कुणी काही विचारत नाही."

साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. भिंग लावून वाचलं. त्यात खोटं असं एकही अक्षर नव्हतं, त्यामुळे सही करण्यावाचून इलाज उरला नाही. सही करताना त्यांची पाठ ताठ होती आणि नाकपुड्या फुगल्या होत्या.

दावा मंजूर झाला. कुणी शेरा मारला नाही, कुणी प्रश्न विचारला नाही, कुणी बघायलाही आलं नाही. या सगळ्या प्रकरणात शिक्केसाहेबांना सर्वांत जास्त संताप आला तो याचा.